चार पावलांचे तीन मीटर

शाळेच्या प्रयोगशाळेत मीटरपट्ट्या सहा होत्या. त्यातल्या दोनांची टोकं झिजलेली, आणि एक कुणीतरी मोरचुदाचं पाणी ढवळायला वापरून कायमची निळी करून ठेवलेली. पण शाळेतलं खरं माप म्हणजे प्रयोगशाळेच्या मावशी, यावर शिपायापासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. व्हरांड्याला जाळी बसवायची असो की मैदानावर शर्यतीची रेघ आखायची असो, कुणीतरी म्हणायचंच, "मावशींना बोलवा." मावशी हात ॲप्रनला पुसत यायच्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायच्या आणि सांगायच्या, साडेएकवीस मीटर. जाळीवाल्याने खात्रीसाठी आपली टेप लावली तरी साडेएकवीसच निघायचे. मग तो मावशींच्या बुटांकडे बघत राहायचा. यंत्र तिथेच कुठेतरी बसवलं असणार, असा त्याचा चेहरा व्हायचा.

यंत्रबिंत्र काही नव्हतं. मावशींचं पाऊल पंचाहत्तर सेंटिमीटरचं होतं. चार पावलं टाकली की तीन मीटर. त्यांचे वडील जमीनमोजणीच्या खात्यात साखळी ओढायचे. ऊन असो, चिखल असो, साखळी ताणून धरायची आणि साहेब सांगेल तिथे खुंटी ठोकायची, यात त्यांचा जन्म गेला. मुलीची उंची वाढायची थांबली त्या वर्षी त्यांनी घरासमोरच्या रस्त्यावर खडूने खुणा केल्या आणि तिला सकाळ-संध्याकाळ त्यांवरून चालवलं. पाऊल पुढे पडलं की म्हणायचे, "कुठे आग लागली?" मागे पडलं की, "जेवली नाहीस का?" सहा महिन्यांनी खुणा पुसल्या तरी पाऊल जागच्या जागी पडायला लागलं. लग्नात चालताना मुलगी पावलं मोजत होती, असं मावशींच्या आत्या अजून सांगतात. मावशी ते नाकारत नाहीत.

नववीतल्या कुठल्याशा वर्गाने त्यांना 'मीटरमावशी' म्हणायला सुरुवात केली. तो वर्ग शिकून, नोकरीला लागून, पोराबाळांचा झाला. नाव मात्र शाळेतच राहिलं.

मावशींचं नोकरीतलं काम म्हणजे परीक्षानळ्या धुणं, आम्लाच्या बाटल्या कुलपात ठेवणं आणि बेडकाच्या सांगाड्यावरची धूळ झटकणं. पण वर्षातले चार दिवस त्या वेगळ्याच असायच्या. ते चार दिवस म्हणजे डोंगरवर्ग.

शहराच्या मागे डोंगर होते. नववीचा अख्खा वर्ग दरवर्षी तिथल्या एका पठारावर तंबू ठोकून राहायचा. पुस्तकं खाली, मोबाइल शाळेच्या कपाटात. मातीचा गोळा ओला करून त्याची वळी वळायची. वळी तुटली तर वाळू जास्त, वाकली तर चिकणमाती. कोनमापकाला दोरा आणि दोऱ्याला खडा बांधून उताराचा कोन काढायचा. तोडलेल्या झाडाच्या बुंध्यावरची वर्तुळं मोजायची. आणि रोज वीस मिनिटं एकट्याने आपापल्या जागी गप्प बसायचं. हे शेवटचं काम मुलांना सगळ्यात अवघड जायचं.

कागदोपत्री हा सगळा कारभार भूगोलाच्या सरांचा. सर नकाशात डोंगर इतका सुंदर वाचायचे की ऐकणाऱ्याला दम लागावा. प्रत्यक्ष डोंगरावर मात्र दम सरांनाच लागायचा. वर पोचले की ते एका सपाट दगडावर बैठक मारायचे आणि म्हणायचे, "मावशी, मुलांना जरा फिरवून आणता का?" हे 'जरा' संध्याकाळपर्यंत चालायचं. फॉर्मवर 'सोबत जाणारे शिक्षक' या रकान्यात सरांचं नाव असायचं, आणि त्याखाली बारीक अक्षरात 'मदतनीस: एक'.

डोंगरवर्गाची सुरुवात शाळेच्या मैदानावरच व्हायची. शंभर मीटरच्या पट्ट्यावर प्रत्येकाने तीनदा चालायचं, पावलं मोजायची, भागाकार करायचा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहायचं: माझं पाऊल इतकं. मावशी सगळ्यांना बजावायच्या, "हे नाव-पत्त्याइतकं महत्त्वाचं. तंबू हरवेल, पेन हरवेल, पाय कुठे हरवत नाही." कुणी म्हणालंच की मोबाइलवर अंतर दिसतं, तर त्यांचं उत्तर ठरलेलं: "डोंगरात तुझा मोबाइल पाच मीटर इकडेतिकडे करतो. आपल्याला एका मीटरची भानगड सोडवायची आहे."

ती एका मीटरची भानगड म्हणजे ओढा. पठाराच्या एका बाजूला खुर्चीच्या आकाराचा मोठा खडक होता, त्याला सगळे 'बैठा खडक' म्हणायचे. तिथून सरळ रेषेत गवताळ सपाटी, आणि सपाटीच्या टोकाला ओढ्याचा कडा. ओढा खालून माती खात होता आणि कडा दरवर्षी खडकाच्या दिशेने सरकत होता. मावशी पहिल्यांदा गेल्या त्या वर्षी खडकापासून कड्यापर्यंत एकशेवीस पावलं झाली होती. मग एकशेएकोणीस, मग पुन्हा एकशेएकोणीस, मग एकशेअठरा. सोळा वर्षांत एकशेचार. हा आलेख प्रयोगशाळेत आम्लाच्या कपाटाशेजारी भिंतीवर लावलेला होता. दरवर्षी त्यावर नवीन टिंब देण्याचा मान नववीतल्या एकाला मिळायचा. आणि हे एक माप नेहमी मावशींच्याच पावलांनी घ्यायचं, म्हणजे सगळ्या वर्षांची तुलना करता येते, हा नियम सरांनीच घातलेला.

गेल्या वर्षी मात्र एकशेसहा झाली. दोन पावलं वाढली. सर खूश. त्यांच्या मते ओढ्याने वळण बदललं होतं आणि आता तो माती खायच्या ऐवजी टाकायला लागला होता. त्यांनी 'ओढ्याची माघार' नावाचा लेख लिहून भूगोल शिक्षकांच्या मासिकाला पाठवला. तो छापून आला. सरांनी त्याच्या बारा प्रती घेतल्या, त्यातली एक मावशींना दिली. मावशींनी ती काळजीपूर्वक कपाटात ठेवली आणि ओढ्याचा विचार सोडून दिला, कारण तेव्हा त्यांच्या डोक्यात दुसराच विषय होता. उजवा गुडघा.

गुडघा आधी जिन्यावर बोलायला लागला, मग सपाटीवर. मावशी कुणाला काही सांगत नव्हत्या. पण या वर्षी डोंगरवर्गाच्या दोन आठवडे आधी मुख्याध्यापिकांनी त्यांना बोलावून घेतलं. मुख्याध्यापिका तशा नव्या, दोनच वर्षं झालेली, वागायला सरळ. त्यांच्या टेबलावर एक चकचकीत माहितीपत्रक होतं. साहसी सहली काढणारी एक कंपनी होती. हेल्मेट, दोर, शिट्ट्या, सगळं त्यांचं. मुख्याध्यापिकांनी ते बाजूला सारलं आणि विचारलं, "मावशी, काल तुम्ही जिना आडव्या होऊन उतरत होता. गुडघा दुखतो का?"

"छे हो. हातात बाटल्या होत्या."

हातात काही नव्हतं, हे दोघींनाही माहीत होतं.

"दुखत असेल तर आत्ता सांगा. वर अडतीस मुलं असतात. त्यांनाच तुम्हाला उचलून आणायची वेळ आली तर मी काय उत्तर देऊ? या वर्षी जा. पण गुडघ्याचं काही कानावर आलं, तर पुढच्या वर्षीपासून हे हेल्मेटवाले."

मावशींनी मान डोलावली आणि प्रयोगशाळेत येऊन धुतलेल्याच परीक्षानळ्या पुन्हा धुतल्या. अठरा वर्षं त्या चार दिवसांसाठी उरलेले तीनशेएकसष्ट दिवस काढत आल्या होत्या. हेल्मेटवाले मुलांना दोरावरून लोंबकळायला शिकवतील, हरकत नाही. पण मातीची वळी कोण वळायला लावेल, आणि वीस मिनिटं गप्प कोण बसवेल?

घरी एक वेगळीच गंमत होती. शाळेत नोकरी मावशींची, आणि सगळं जग मास्तर म्हणायचं त्यांच्या नवऱ्याला, कारण ते टेलर होते. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. मास्तरांच्या गळ्यात टेप कायम, जेवतानाही. तोंडात टाचण्या असल्या की ते फक्त 'उं' म्हणायचे, आणि चौतीस वर्षांच्या संसारात मावशींना त्या एका 'उं'चे सात-आठ अर्थ समजायला लागले होते.

निघायच्या आदल्या दिवशी मावशींनी डोंगरावर घालायची पँट त्यांच्यासमोर टाकली आणि म्हणाल्या, खालची शिवण उसवली आहे, तेवढी मारून द्या. मास्तरांनी पँट उलटीसुलटी केली. मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "डावा पाय जास्त झिजलाय. भार सगळा डावीकडे टाकतेस."

"कापडच तसं असेल."

"कापड मी आणलंय. जरा उभी राहा, माप घेतो."

"चौतीस वर्षं माझं माप घेताय, पाठ नाही झालं का?"

"गिऱ्हाईकंही हेच म्हणतात. जुन्याच मापाचा शिवा, मास्तर. जुन्या मापाचा शिवला, की शिवा म्हणणाराच शिवी देतो."

मावशी हसल्या, पण उभ्या काही राहिल्या नाहीत. सकाळी पिशवीत पाण्याची बाटली ठेवताना त्यांच्या हाताला काहीतरी लागलं. मलमाच्या ट्यूबवर टेप गुंडाळून ठेवलेली होती, मास्तरांच्या गळ्यातली. शोधाशोध होईल म्हणून परत द्यायला त्या वळल्या, तर मास्तर गिऱ्हाइकाची बाही मोजत होते, दुसऱ्या टेपने. तोंडात टाचण्या.

डोंगरावर या वर्षीचा वर्ग म्हणजे वाऱ्यावरची वरात. पहिल्याच दिवशी त्यांनी एक तंबू उलटा उभा केला आणि दार जमिनीकडे आहे हे आत जाऊ लागल्यावर लक्षात आलं. या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे 'शंकासुर' म्हणायचे. तिला शंका यायच्या, आणि त्या रांगेने यायच्या. मातीची वळी तुटली तर वाळू, पण पाणी कमी पडल्यामुळे तुटली नाही कशावरून? झाडाला वर्षाला एक वर्तुळ, मग एखाद्या वर्षी झाडाने कंटाळा केला तर? सरांनी पहिल्या दिवशी तिला तीन उत्तरं दिली, आणि नंतर ती दिसली की ते दुर्बीण डोळ्याला लावायचे. मावशींना मात्र ती आवडली होती. मावशींनी तिला सांगून टाकलं होतं की दिवसाला दहा शंका मोफत, अकराव्या शंकेला एक भांडं घासायचं. संध्याकाळी तिच्यासमोर सात भांडी असायची.

चढ मावशींनी निभावून नेला. मधूनमधून थांबायच्या आणि मुलांना दगडावरचं दगडफूल दाखवायच्या. इतकी दगडफुलं या वाटेवर आधी कधी कुणी पाहिली नव्हती. सर तर मनापासून आभार मानत होते, कारण प्रत्येक दगडफुलाला त्यांनाही बसायला मिळत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याचं माप होतं. अडतीस मुलं सपाटीच्या कडेने उभी राहिली. मावशींनी बैठ्या खडकाला टाच टेकवली, समोरच्या कड्यावर रोवलेल्या लाल झेंड्यावर नजर ठेवली आणि चालायला लागल्या. मुलं मोठ्याने मोजत होती. नियम असा, की कड्याच्या दोन पावलं अलीकडे थांबायचं आणि शेवटचं अंतर काठी आडवी ठेवून काढायचं. कड्याच्या टोकाशी कुणी जायचं नाही, मावशीसुद्धा. शंभर झाली तरी झेंडा बराच पुढे होता. एकशेचार. एकशेसहा. मावशींच्या कपाळावर घाम आला. सगळं मिळून एकशेबारा झाली.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. आकडा वाढला की टाळ्या वाजवायच्या, एवढंच त्यांना माहीत होतं. सर दगडावरून उठले, हे विशेष. "सहा पावलं. म्हणजे साडेचार मीटर. एका वर्षात. मुलांनो, ओढा मागे हटतोय, तुम्ही हे डोळ्यांनी बघताय." त्यांनी तिथल्या तिथे काठीने मातीत वळण काढलं, गाळ कुठे पडतो ते दाखवलं, आणि लेखाचा दुसरा भाग त्यांच्या डोक्यात तयार व्हायला लागला होता हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचता येत होतं.

मावशी झेंड्याच्या दोन पावलं अलीकडे उभ्या राहिल्या आणि कडा जिथे वळतो तिकडे बघत राहिल्या. कड्यावरची माती ताजी होती, ओली, उघडी. गवताची मुळं हवेत लोंबत होती. माती टाकणाऱ्या ओढ्याचा काठ असा नसतो, तो उतरता असतो, मऊ, त्यावर गवत चढतं. हे त्यांनीच अठरा वर्गांना दाखवलं होतं. ओढा हटलेला नव्हता. मग आकडा का वाढला? त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. डाव्या बुटाची खूण, उजव्याची, पुन्हा डाव्याची. दव पडलेल्या गवतावर आपली पावलं त्यांना पहिल्यांदाच अशी रांगेत दिसली. डावं लांब, उजवं आखूड.

दर वर्षी अडतीस-चाळीस मुलांना शंभर मीटर चालायला लावून पाऊल मोजायला सांगणाऱ्या मावशींनी स्वतःचं पाऊल कधी पुन्हा मोजलंच नव्हतं. ते मोजायचं असतं हेच त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. वडिलांनी एकदा खडूने आखून दिलं, ते कायमचं, अशी त्यांची समजूत.

आता गप्प बसणं सोपं होतं. सर खूश, मुलं खूश, भिंतीवर एक टिंब चढेल. गुडघ्याचा विषयच निघणार नाही. आणि बोलायचं तर ओढ्याचं बोलताना गुडघ्याचं बोलावंच लागणार, अडतीस मुलांसमोर. मुलं परतली की त्यांच्या घरी गप्पांना दुसरा विषय उरणार नाही, आणि मुख्याध्यापिकांच्या टेबलावरचं ते चकचकीत पत्रक पुन्हा मधोमध येईल.

तेवढ्यात शंकासुर शेजारी येऊन उभी राहिली. तिची आजच्या दिवसाची ही अकरावी शंका होती, आणि तिने आधीच सांगून टाकलं की भांडं घासायला ती तयार आहे.

"मावशी, ओढा मागे गेला, तर मग ही मुळं हवेत कशी?"

मावशींनी हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "भांडं राहू दे. सगळ्यांना बोलाव."

मुलं गोल करून बसली. सरही आले. मावशींनी सांगितलं की ओढा हटलेला नाही, मीटर आखूड झालाय. काही मुलं हसली, त्यांना वाटलं कोडं आहे. मग मावशींनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सांगितलं की हा दीड-दोन वर्षं दुखतोय, आणि दुखतोय हे त्यांनी सगळ्यांपासून लपवलं, मुख्याध्यापिकांपासूनसुद्धा. लपवता लपवता तो आलेखात जाऊन बसला. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, परीक्षानळी फोडणाऱ्याला दम देतानाचा. फक्त हाताने त्या गवताची पाती उगाच तोडत होत्या.

सरांनी मातीत काढलेल्या वळणाकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे गेल्या वर्षीचंसुद्धा?"

"गेल्या वर्षीचंसुद्धा, सर."

"छापून आलंय हो ते," सर हळूच म्हणाले. मग पुन्हा दगडावर जाऊन बसले.

मुलांना मात्र आता खरं काम मिळालं होतं. शंकासुराने विचारलं, पाऊल नक्की किती आखूड झालंय? शंभर मीटरचा पट्टा खाली शाळेत. मीटरपट्टी कुणी आणलेली नाही. मग मावशींनी पिशवीतून टेप काढली. दीड मीटरची, कापडी, टोकाला पितळी पट्टी. तंबूचा सुटा दोर होता. तो ताणून धरला आणि टेप त्यावर दहा वेळा लावून पंधरा मीटरला गाठ मारली. दोर गवतावर सरळ अंथरला. पंचाहत्तरच्या हिशेबाने वीस पावलं व्हायला हवीत. मावशी चालल्या. चाल मघाशी होती तीच, फक्त आता दुखतंय हे लपवायचं राहिलं नव्हतं. बावीस झाली. पुन्हा चालल्या, पुन्हा बावीस.

"अडुसष्ट सेंटिमीटर," चार-पाच जण एकदम म्हणाले. भागाकार कुणी सांगितला नव्हता, तरी वह्या भरल्या होत्या.

मग एकाने सुचवलं की आता दोर आहेच, तर खडकापासून कड्यापर्यंत दोरच टाकू. पाच दोर झाले आणि वर सव्वा मीटर. शहात्तर मीटर आणि एक चतुर्थांश. मावशींच्या एकशेबारा पावलांना अडुसष्टने गुणलं तर जवळपास तेवढंच येत होतं, दहा सेंटिमीटरांचा फरक. दोन वर्षांपूर्वी अठ्ठ्याहत्तर होते. म्हणजे ओढा दोन वर्षांत पावणेदोन मीटर पुढे आला होता, नेहमीच्या चालीने, कुणाच्या लेखाची पर्वा न करता. मुलांनी वहीत रेघ वाढवून पाहिली. नवं टिंब जुन्या रेघेवर इतकं नीट बसलं की कुणीतरी 'वा' म्हणालं, आणि ते सर होते. ते कधी येऊन मागे उभे राहिले कुणाला कळलं नाही. "लेखाचं शीर्षक बदलावं लागेल," ते म्हणाले. "'मावशींची माघार' चालेल का?"

"चालवून घेईन," मावशी म्हणाल्या, "पण मापासकट छापा."

उतरताना दगडफुलं लागली नाहीत. मावशी थांबायच्या, आणि गुडघा दुखतोय म्हणून थांबले, असं सांगायच्या. दोन मुलींनी त्यांची पिशवी घेतली. एका लांबलचक मुलाने काठी कापून दिली आणि त्यावर दहा-दहा सेंटिमीटरच्या खाचा पाडून दिल्या.

मावशी घरी पोचल्या तेव्हा मास्तर कोटाचं अस्तर टाचत होते. मावशींनी टेप त्यांच्या गळ्यात घातली आणि विचारलं, "मुद्दाम ठेवलीत ना?"

"उं," मास्तर म्हणाले. या 'उं'चा अर्थ नवीन होता. मग त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीला लावल्या आणि विचारलं, "किती आलं?"

"अडुसष्ट."

मास्तरांनी गिऱ्हाइकांच्या मापांची जाडी वही काढली, मावशींचं पान उघडलं, छाती, कंबर, उंची यांच्याखाली एक नवीन ओळ लिहिली: पाऊल. समोर अडुसष्ट आणि शेजारी तारीख. तारखेशिवाय मापाला किंमत नाही, ते म्हणाले, हे तुझ्या वडिलांना माहीत असणार, सांगायचं राहिलं असेल.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतःच मुख्याध्यापिकांकडे गेल्या. बातमी आधीच पोचली होती. अडतीस मुलं, अडतीस घरं. मावशींनी काही सारवासारव केली नाही. गुडघा दुखतो, बाटल्यांचं खोटं सांगितलं, चूक झाली. मुख्याध्यापिकांनी पत्रक उघडलं, मिटलं. मग म्हणाल्या, "एक मुलगी आली होती सकाळी. तिला सोळा शंका होत्या."

"हो. तिला भांडी लावा."

"हे पत्रक बघून तिची शेवटची शंका अशी होती, की हेल्मेटवाल्यांचं पाऊल किती आहे. मी कंपनीला फोन करून विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही."

मावशींना हसायला येत होतं, पण अजून ती वेळ आली नव्हती.

मुख्याध्यापिकांनी त्यांचं म्हणणं सांगितलं. आधी डॉक्टर, चिठ्ठी टेबलावर हवी. पठारापर्यंत गाडी जाते, तिथवर मावशी गाडीने जातील, चढ चढायचा नाही, यावर चर्चा नाही. वर गेल्यावर खडकापाशी बसून काय शिकवायचं ते शिकवावं. फॉर्मवरच्या 'मदतनीस' या शब्दाचं काय करायचं ते त्या सरांशी बोलून बघतील. आणि ओढ्याचं माप आता दोराने होईल, पावलं मुलांची.

"माझी नाही?"

"तुमचीही. रकाना वेगळा."

तो रकाना आता आलेखाच्या खाली आहे. त्या वर्षीच्या टिंबाखाली अडुसष्ट लिहिलंय. त्याआधीच्या वर्षीचं टिंब तसंच ठेवलंय, पण शेजारी शंकासुराने पेन्सिलीने एक छोटं प्रश्नचिन्ह काढलंय, कारण त्या वर्षी पाऊल किती होतं हे आता कुणालाच कळणार नाही. मावशी धूळ झटकताना तेवढी जागा सोडतात, प्रश्नचिन्ह पुसलं जाऊ नये म्हणून.

मुख्याध्यापिकांशी हे बोलणं झालं त्याच संध्याकाळी शाळा सुटल्यावर मावशी प्रयोगशाळेला कुलूप लावत होत्या. लांब व्हरांड्याच्या त्या टोकाकडून मुख्याध्यापिका एकट्याच चालत येत होत्या, ताठ मानेने, नजर समोर, ओठ हलत होते. मावशींजवळ येऊन थांबल्या आणि विचारलं, "हा व्हरांडा किती मीटर, मावशी?"

"साडेएकवीस. जुन्या मापाने."

मुख्याध्यापिकांनी मनातल्या मनात भागाकार केला. तो जमला नसावा, कारण त्या वळल्या आणि पुन्हा पहिल्या टोकाकडे मोजत निघाल्या. मावशींनी कुलपाची किल्ली खिशात टाकली आणि मागून सांगितलं, "टाच टेकवून सुरुवात करा, बाई. आणि घाई नको, कुठे आग लागलेली नाही."